अक्काला वाळवंट दाखवताना

कंडक्टरच्या बॅगेत चिल्लर कधी जमा होते, ते त्याचं त्यालाही कळत नाही. सकाळी बॅग हलकी असते. संध्याकाळी खांदा दुखायला लागला की कळतं, बरीच जमलीय. अमेरिकेहून आल्यापासून माझं तसंच झालंय. नेकनूरच्या स्टँडवर चहाला गेलो की कप थंड होतो, पण किस्सा संपत नाही. परवा आमचा चहावाला रशीदभाई म्हणाला, "काय बे बबन, अमेरिकेला एकदाच गेलतास न्हवं? का रोज जाऊन येतोस?"

एकदाच गेलतो. आणि तेही माझ्या हौसेनं नाही, अक्कासाठी.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही मेंढपाळाची लेकरं. मी पुढं लाल गाडीवर कंडक्टर झालो आणि बीड-आष्टी रस्त्यावर जन्म घालवला. अक्का आष्टीकडच्या एका गावात दिली. दाजींची शेती कोरडवाहू, स्वभावही तसाच. त्यांना एकच लेक, रेखा. ती लग्न होऊन अमेरिकेत गेली, ॲरिझोनात. गेली ती कामात आणि कागदपत्रात अशी अडकली की इकडं यायचं दरवर्षी पुढं ढकललं जायला लागलं.

गेल्या वर्षी अक्का चालताना दाराच्या चौकटीला धडकायला लागली. बीडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. म्हणाले, "बाजूची नजर गेली, ती काही परत येत नाही. आता पाइपातून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतंय. थेंब टाकत राहा. तरी काही बघायचं राहिलं असेल, तर बघून घ्या."

हे मी रेखाला फोनवर सांगितलं. ती लगेच म्हणाली, "मामा, मायला घेऊन या. मी तिला सगळं दाखवते."

दाजी म्हणाले, "मी एकटा न्हेणार न्हाई. बबन पायजे संगं. त्याला प्रवासाचा अनुभव हाय."

अनुभव बीड ते आष्टी. पण दाजींपुढं बोलणार कोण?

*

व्हिसाच्या खिडकीत गोरा साहेब होता आणि शेजारी मराठी करून सांगणारी बाई. आम्ही रात्रंदिवस पाठांतर केलं होतं. अक्कानं कोणत्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, सगळं ठरलेलं.

साहेबानं विचारलं, "अमेरिकेत काय बघणार?"

पाठांतरात इथं ग्रँड कॅनियन होतं. अक्का म्हणाली, "लेक."

बाई म्हणाली, "ते झालं. आणखी काय?"

अक्कानं जरा विचार केला. "जावई घरी असला तर त्योबी."

बाईनं हसू दाबत इंग्रजी केलं. साहेबानं आमच्याकडं बघितलं आणि तिन्ही पासपोर्ट ठेवून घेतले. ठेवून घेतले म्हणजे व्हिसा मिळाला, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दाजी खाली गेटवरच्या वॉचमनला धरून बसले, "आमची पुस्तकं वर राहिली, ती घेतल्याबिगर आमी हलणार न्हाई."

*

अक्काच्या डोळ्यांत थेंब टाकायचं काम दाजींकडं. त्यात ते मिनिटाचीही चूक करायचे नाहीत. फिनिक्सच्या विमानतळावर रेखाचे यजमान, म्हणजे आमचे जावई संदीपराव, घ्यायला आले. म्हणाले, "बाबा, घड्याळ इथल्या वेळेवर करून घ्या."

दाजींनी मनगट मागं घेतलं. "थेंबाचा टाइम चुकंल."

जावयांनी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. दाजींनी आपलं बघितलं. आपल्याकडं सकाळ तेव्हा तिकडं रात्र, पण काट्याच्या घड्याळात फरक निघाला अर्ध्या तासाचा! दाजींनी दोन्ही घड्याळं पुन्हा ताडून बघितली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "एवढं दीड दिवस इमानात बसवलं, आन् अंतर अर्ध्या तासाचं? एवढ्यात तर तुझी गाडी आष्टीच्या बाहीर पडत न्हाई."

घड्याळ त्यांनी शेवटपर्यंत बदललं नाही. अर्धा तास काय, कुणीही मनातल्या मनात धरतं.

*

जावयांनी आठवड्याची रजा काढली होती आणि एक मोठी व्हॅन भाड्यानं घेतली होती. ते चालवणार, शेजारी मी, मागं अक्का-दाजी आणि रेखा. पहिल्या दिवशी त्यांनी गाडी सुरू केली. माझी मान आपोआप मागं वळली, डोकी मोजली गेली, आणि हात वर जाऊन छतावर दोनदा टक-टक झालं. "जाऊ द्या," मी म्हणालो.

जावई दचकले. रेखा हसत सुटली. "अहो, मामांनी डबल बेल दिली. आता निघा."

मी खजील झालो, पण सवय ती सवय. पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी एका पेट्रोल पंपावर मी बाथरूमला गेलो. परत आलो तर गाडी वाटेतच उभी, मागं दोन गाड्या खोळंबलेल्या. मी म्हणालो, "बाजूला तरी घ्यायची की, जावईबापू."

ते स्टीअरिंगवर हात ठेवून शांतपणे म्हणाले, "मामा, बेल कोण देणार?"

*

दाजी आयुष्यात फार बोलले नाहीत. घरात त्यांचे शब्द ठरलेले: वाढ, पुरे, बैल कुठाय. पण त्या व्हॅनमध्ये त्यांना काय झालं कोण जाणे. अक्काला बाजूचं दिसत नाही म्हणून ते सांगायला लागले.

"डाव्या अंगाला निवडुंग हाय. आपल्यावानी बांधावरचा न्हाई, खांबासारखा उभाय. त्याला दोन हात फुटलेत. हां, ह्याला एकच हाय. आता उजवीकडं डोंगर. लाल हाय. वर गवताची काडी न्हाई. आपल्या माळावर तरी कुसळ हाय."

रेखानं सांगितलं, "बाबा, त्या निवडुंगाला हात फुटायलाच एखाद्या माणसाचा जन्म जातो."

दाजींनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि पुढं म्हणाले, "उजव्या अंगाला थोरली मंडळी उभी हायत."

हे दिवसभर चाललं. दोन वेळा तर मला दिसलं की अक्का सरळ त्याच डोंगराकडं बघत होती आणि तरी दाजी तिला तो सांगत होते. एका थांब्यावर दाजी पाय मोकळे करायला उतरले, तेव्हा मी अक्काला म्हणालो, "अगं, तुला दिसतंय तेवढं तरी सांगू नका म्हण. घसा बसंल त्यांचा."

अक्का माझ्या कानाशी आली. "गप ऱ्हा. मला दिसायलंय. पर बोलू दे त्यास्नी. ह्या आवाजाची वाट बघण्यात जलम गेला माझा."

मी उगीच सीटचा पट्टा घट्ट केला.

*

एका गावात जुन्या काळातला रस्ता तसाच राखून ठेवलाय. लाकडी दुकानं, लाकडी फुटपाथ, आणि भर दुपारी टोपीवाले घोडेस्वार बंदुकांची लढाई करून दाखवतात. लोक कडेला बाकांवर बसून बघतात. रेखानं अक्काला पहिल्या रांगेत बसवलं. "माय, नाटक आहे हं," असं सांगितलंही होतं. पण बंदुका वाजायला लागल्या आणि ते सांगणं धुरात गेलं.

एकानं दुसऱ्यावर गोळी झाडली. दुसरा छातीवर हात ठेवून असा काही कोसळला की मीही बाकावरून अर्धा उठलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्काच्या नजरेत लोकही नव्हते आणि टाळ्याही नव्हत्या. तिच्या समोरच्या पाइपात होता तो एक पडलेला पोरगा, तापलेल्या मातीत.

कुणाला कळायच्या आत अक्का रस्त्यात. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातानं त्याची मान उचललेली. ज्यानं गोळी झाडली होती त्याला तिनं हातानंच बाजूला सारलं. "सर की मेल्या, वारा येऊ दे त्याला!"

मेलेल्यानं एक डोळा उघडला. समोर नऊवारीतली म्हातारी. त्यानं काय विचार केला देव जाणे, पण तोंड उघडलं आणि अर्धी बाटली प्यायला. टाळ्या थांबेनात. मारेकऱ्यानं टोपी काढून अक्काला नमस्कार केला.

परत येऊन बसली तेव्हा तिला धाप लागली होती. म्हणाली, "काय झालं न्हाई. सकाळपस्नं पोटात काय नसंल लेकराच्या."

*

तिथल्या मूळच्या नावाहो लोकांच्या मुलखातून जाताना रस्त्याच्या कडेला मेंढरं दिसली. जावई गाडी पुढं काढणार होते, पण मागून अक्का म्हणाली, "थांबवा." तिनं बघितलं नव्हतं, ऐकलं होतं. मेंढीच्या गळ्यातली घंटी आम्हा दोघांना झोपेतही कळते.

मेंढरांपाशी एक म्हातारी होती. लांब घोळदार झगा, गळ्यात निळ्या खड्यांची माळ, हातात काठी. अक्का तिच्याकडं गेली आणि दोघी बोलायला लागल्या. ही मराठी, ती नावाहो. मध्येच दोघी मान हलवायच्या.

मग अक्का एका मेंढीपुढं उकिडवी बसली, दोन्ही हातांत तिची हनुवटी धरली आणि तोंड बघायला लागली. जावई घाबरले, "मामा, चावेल बिवेल. काय करतायत त्या?"

मला बघूनच गलबलून आलं. आमचे वडील, आबा, असंच करायचे. चारा संपला की आमची मेंढरं दुसऱ्यांच्या मोठ्या कळपात मिसळून लांब मुलखाला जायची. कुणाची कोणती, हे परतल्यावरच निवडायचं. जायच्या आदल्या दिवशी आबा एकेक मेंढी समोर घ्यायचे, हनुवटी हातात धरायचे, तोंड उजेडाकडं वळवायचे आणि बघत बसायचे. कान, डाग, कुठं काही खोक असली तर ती. आम्हा दोघांनाही बसवायचे. म्हणायचे, "पाठी सगळ्यांच्या सारख्याच. तोंड बघून ठिवलेलं जित्राब हरवत नसतंय."

मी बंडखोर, कंटाळून पळून जायचो. अक्का शेवटच्या मेंढीपर्यंत बसायची.

म्हातारीनं अक्काला तसं बघताना पाहिलं आणि काही न बोलता दुसरी मेंढी ओढून तिच्यापुढं आणली. मग तिसरी. अक्कानं निघताना पिशवीतून खण काढला, तिच्या ओंजळीत घातला आणि कपाळाला हळदीकुंकू लावलं. म्हातारीनं लोकरीचा एक पुंजका अक्काच्या हातात ठेवून मूठ मिटली.

गाडीत बसल्यावर जावयांनी विचारलं, "एवढं काय बोललात दोघी?"

"पाऊस न्हाई म्हणली," अक्का म्हणाली.

*

वाळवंटाच्या मधोमध एक मोठं धरण आहे. निळं पाणी बघून दाजी सगळ्यांच्या आधी गाडीतून उतरले. तिथं माहिती सांगणारी एक तरणी पोरगी होती. दाजींनी जावयांना मध्ये घातलं. "तिला इचारा, कॅनॉलला पाण्याचं आवर्तन कवा सुटतं."

जावयांनी कसंबसं इंग्रजी केलं. पोरगी खूश झाली, असा प्रश्न तिला कुणी विचारला नसणार. तिनं नकाशा काढून सांगितलं की ह्या नदीच्या पाण्यावर सात राज्यांचा हक्क आहे आणि कुणाला किती पाणी, ह्यावर सातही राज्यं भांडत असतात.

दाजी नकाशावर बोट फिरवत बराच वेळ उभे राहिले. परत येताना चेहऱ्यावर समाधान होतं. अक्काला म्हणाले, "चांगली माणसं हायत. आपल्यावानीच हायत."

*

पण रेखाचं चित्त ठिकाणावर नव्हतं. जावयांकडं ठिकाणं ठरलेली होती आणि एकेक मागं पडत चालली होती. प्रत्येक ठिकाणी रेखा अक्काचा दंड धरून तिला नेमक्या जागी उभी करायची, डोकं दोन्ही हातांनी वळवायची, "हे बघ, माय. दिसलं? नीट दिसलं का?" अक्का म्हणायची, "दिसलं गं." पण रेखाचं समाधान व्हायचं नाही. तिला मायच्या डोळ्यांत सगळी अमेरिका भरून द्यायची होती, आणि वेळ थोडा होता. ते पोरीच्या चालण्यातच दिसायचं.

एके ठिकाणी लाल दगडाची अरुंद घळ आहे, पाण्यानं कापलेली. वरून ऊन झिरपतं आणि भिंती आतून पेटल्यासारख्या दिसतात. लोक तोंडं वर करून उभे. अक्का आत शिरताना रेखाचंच मनगट धरून होती. "दगड निसरडा हाय. कपिलधारच्या धबधब्याला पडलीस तवा भुवई फुटली व्हती, ठावं हाय न्हवं? आन् मलाच म्हणतीस नीट चाल."

"माय, आता मी लहान आहे का? वर बघ. वर, उजेडाकडं."

अक्कानं वर बघितलं. लगेच खाली बघितलं, रेखाच्या बोटांकडं. "नखं काहून कुरतडतीस?"

रेखाचा बांध फुटला. "मी एवढं दाखवतेय आणि तू माझी नखं बघतेस? हे परत दिसणार नाही, माय! तुला कळत कसं नाही?"

ते बोलून गेल्यावर तिचं तिलाच लागलं. मनगट सोडवून ती पुढं निघून गेली. अक्का रेखा गेली तिकडं बघत राहिली. वळणावर पाठ दिसेनाशी झाली तेव्हा दाजी हळूच म्हणाले, "समोर भिंत हाय. लाल. जरा पिवळीबी हाय."

*

शेवटच्या दिवशी ग्रँड कॅनियन. हे राहिलं असतं तर रेखानं स्वतःला माफ केलं नसतं. आदल्या दिवसापासून मायलेकी एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या. जावयांनी गाडी लावली, मी डोकी मोजली आणि आम्ही कठड्याकडं चालत गेलो.

मी काय सांगू त्या दरीचं? पायाखालची जमीन संपते आणि पुढं पार टोकापर्यंत काहीच नाही. खाली मात्र सगळं आहे. सगळ्या देशांचे लोक कठड्याला चिकटून उभे, आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दाजींनी घसा साफ केला. "समोर..." म्हणाले. थांबले. "खाली..." पुन्हा थांबले. मग टोपी काढून हातात घेतली. "हे काय मला सांगता येत न्हाई बघ."

तिथं कठड्यापाशी टेकायला पाठ नसलेला दगडी बाक आहे, दरीकडं तोंड करून. रेखानं अक्काला तिथवर नेलं. "बस, माय. आता समोर बघ. घाई नाही."

अक्का बाकाला वळसा घालून पलीकडं गेली आणि उलटी बसली, दरीकडं पाठ करून.

"माय, तिकडं नाही. दरी मागं आहे."

"ठावं हाय."

"अगं मग बघ की. एवढ्या लांबून आलो आपण."

"तू बस हितं. माझ्या म्होरं."

"माय..."

"बस म्हणते न्हवं."

रेखा खाली फरशीवर बसली, लहान पोरीसारखी. अक्कानं दोन्ही हातांत तिची हनुवटी धरली. तोंड जरा उजवीकडं वळवलं, मग डावीकडं, मग उन्हाकडं. कानापाशी बघितलं. कपाळावर वाऱ्यानं केस आले होते, ते अंगठ्यानं मागं सारले आणि अंगठा भुवईवरच्या जुन्या खोकेवर नेऊन ठेवला.

रेखाच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. तिनं ते पुसायला हात उचलला.

"हलू नगं," अक्का म्हणाली. "बघू दे."

मागं सगळी दरी उन्हात पडलेली. लोक फोटो काढत होते. एका परदेशी बाईनं बाकाकडं बघितलं, तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं आपला कॅमेरा खाली घेतला. दाजी टोपी हातात धरून तसेच उभे होते.

थोड्या वेळानं जावई माझ्यापाशी आले. म्हणाले, "मामा, परतीचा रस्ता लांबचा आहे. निघायला पाहिजे." मी मान हलवली. आम्ही दोघं व्हॅनपाशी आलो. त्यांनी आत बसून गाडी सुरू केली आणि माझ्याकडं बघितलं.

मी बाहेर उभा होतो. हात टपावर ठेवला होता. बाकाकडं बघितलं, आणि हात तसाच राहू दिला. जावयांनी थोडा वेळ वाट बघितली, मग गाडी बंद केली.